एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं: पंचगंगेच्या पातळीवरून

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात कुणी 'पाणी किती आलंय?' असं विचारलं, तर कुठलं पाणी हे सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी, फुटात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. भाषेचं मॉडेल मात्र हे धरून चालेलच असं नाही. एजंट म्हणजे माहिती आणायला किंवा काम करायला स्वतःहून टूल चालवणारं असं मॉडेल, आणि टूल म्हणजे त्यासाठी तुम्ही त्याला दिलेलं फंक्शन. तुमच्या टूलच्या कोडमध्ये हे सगळं नीट लिहिलेलं असलं तरी उपयोग नाही, कारण मॉडेलला कोड दिसत नाही.

त्याला तीनच गोष्टी दिसतात: टूलचं नाव, टूलचं वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा, म्हणजे टूलला कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा आराखडा. डेटाबेसच्या कॉलमवर लिहिलेली टीप, फंक्शनच्या आतल्या कॉमेंट, टीमच्या ग्रुपवर झालेली चर्चा यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. प्रश्न आला की या तीन गोष्टींवरून ते ठरवतं, की हे टूल वापरायचं का, वापरायचं तर कुठल्या पॅरामीटरमध्ये काय भरायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा. तरीही एजंट चुकायला लागला की लोक आधी मॉडेल बदलतात, मग सिस्टीम प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचना, लांबवतात. वर्णन तसंच एका ओळीचं राहतं.

अशी एक ओळ घेऊन बघू. टूलची नावं बहुतेक एपीआयमध्ये (मॉडेलशी जोडणी करायच्या सेवांमध्ये) रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि डॅश एवढ्यातच द्यावी लागतात. इथं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितो.

नाव: पातळी_मिळवा. वर्णन: 'पाण्याची पातळी देते.' पॅरामीटर: ठिकाण (स्ट्रिंग, म्हणजे मोकळा मजकूर), तारीख (स्ट्रिंग).

दिसायला यात काही चूक नाही. आता वापरणारे काय विचारतात ते बघा.

'बावड्याला पाणी किती हाय?' शहरातल्या माणसाचा बावडा म्हणजे कसबा बावडा. घाटाकडच्या माणसाचा बावडा गगनबावडा असू शकतो. तसंच शिरोली आणि शिरोळ. पुलाची शिरोली महामार्गालगत, शहराला जवळजवळ खेटून. शिरोळ हा पूर्वेकडचा तालुका, जिथं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. रोमन लिपीत टाइप केलं तर दोन्हींत एका अक्षराचा फरक. ठिकाण ही मोकळी स्ट्रिंग ठेवली, की मॉडेल एक स्पेलिंग ठरवून पाठवतं, तुमचा कोड सगळ्यात जवळचं नाव शोधून उत्तर देतो, आणि भलत्याच गावाची पातळी आत्मविश्वासानं सांगितली जाते. कुठंही एरर येत नाही, म्हणून ही चूक लॉगमध्येही सापडत नाही.

यावर दोन उपाय आहेत. केंद्रं दहा-पंधराच असतील तर स्कीमात त्यांची ठरावीक यादी द्या, म्हणजे एनम. मॉडेल मग सहसा त्या यादीतूनच निवडतं. केंद्रं शेकड्यानं असतील तर 'केंद्र_शोधा' असं वेगळं टूल करा. ते नाव घेईल आणि जुळणारी सगळी केंद्रं तालुका, नदी आणि संकेतांकासह परत देईल. पातळीच्या टूलनं फक्त संकेतांक घ्यावा आणि त्या पॅरामीटरच्या वर्णनात लिहावं: 'केंद्र_शोधा कडून आलेला संकेतांक. गावाच्या नावावरून स्वतः तयार करू नका. एकापेक्षा जास्त केंद्रं जुळली तर वापरणाऱ्याला विचारा.' यातलं मधलं वाक्य फार कामाचं आहे. संकेतांकाचा नमुना एकदा दिसला, की मॉडेल त्याच धर्तीचे नवे संकेतांक बेधडक बनवतं.

पुढचा घोळ एककांचा. राजाराम बंधाऱ्यावर पातळी फूट-इंचात. सांगलीला आयर्विन पुलाजवळही फुटातच, पण तिथं इशारा ४० आणि धोका ४५ फुटांना. अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. धरण पूर्ण भरतं ते ५१९.६० मीटरला. तिन्हींना आपण बोलताना 'पातळी'च म्हणतो. एकाच टूलनं तिन्ही आकडे नुसत्या 'पातळी' नावाखाली दिले, तर मॉडेल ते शेजारी मांडून तुलना करतं. दोन वेगळ्या गावांतल्या मोजपट्ट्यांची शून्यं वेगळी असतात, म्हणून आयर्विनला ३८ आणि राजारामला ३८ यावरून कुठं पूर जास्त हे ठरत नाही. वर्णनात एक वाक्य घालून हे थांबवता येतं.

त्याहून नाजूक भानगड फूट-इंच लिहिण्याच्या आपल्या सवयीत आहे. ४२ फूट ९ इंच हे घाईत ४२.९ असं लिहिलं जातं आणि ४२ फूट १० इंच हे ४२.१०. माणूस ते बरोबर वाचतो. जेसनमध्ये (टूल आणि मॉडेल यांच्यात माहिती ज्या रूपात जाते त्यात) मात्र ४२.१० ही दशांश संख्या म्हणून गेली की ती ४२.१ होते, शेवटचं शून्य उडतं. आता समजा, पाणी तासाभरात ४२ फूट ९ इंचांवरून ४२ फूट १० इंचांवर चढलं. मॉडेलपुढं आकडे येतात ४२.९ आणि मग ४२.१. ते सांगणार, पाणी ०.८ फुटानं उतरलं. प्रत्यक्षात धोका पातळीला दोनच इंच उरलेत, आणि एजंट म्हणतोय पाणी ओसरतंय. इथं वर्णनात कितीही समजावलं तरी ते पुरेसं नाही. आकडाच बदलायला हवा. फूट आणि इंच असे दोन वेगळे पूर्णांक परत द्या. जोडीला 'धोका पातळीला किती इंच कमी' हेही कोडमध्येच काढून द्या. जे गणित कोड बिनचूक करतो ते मॉडेलच्या गळ्यात घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग तारीख. आपल्याकडे 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. 'परवा पाणी किती होतं' आणि 'परवा पाणी किती असंल' यात क्रियापदावरूनच दिशा कळते, आणि घाईत लिहिलेल्या मेसेजमध्ये क्रियापद असतंच असं नाही: 'परवाची पातळी?' पॅरामीटरमध्ये लिहा: 'तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, उदाहरणार्थ २०२५-०८-०५. भविष्यातली तारीख चालत नाही. परवा म्हटलं असेल आणि काळ स्पष्ट नसेल, तर मागचा परवा धरा आणि उत्तरात तारीख सांगा.' ०५/०८ ही पाच ऑगस्ट की आठ मे, हा प्रश्नही क्रम ठरवून दिल्यानं मिटतो. आजची तारीख मात्र मॉडेलला वेगळी कळवावी लागते, नाहीतर परवा कुठून मोजायचं हेच त्याला कळणार नाही.

याच वळणाचं आणखी एक. पाऊणशे, सव्वाशे, पावणेदोनशे, अडीच हजार हे आपले रोजचे आकडे. मोठी मॉडेल ते बहुतेक वेळा बरोबर ओळखतात, पण पॅरामीटरच्या वर्णनात 'सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीच हजार म्हणजे २५००. पूर्ण संख्या पाठवा' एवढं लिहायला काही पडत नाही. देवनागरी अंकांचीही काळजी घ्या. जेसनमधली संख्या इंग्रजी अंकांतच (0 ते 9) चालते, पण पॅरामीटर स्ट्रिंग असेल तर मॉडेल कधीकधी '१२५' जसंच्या तसं पुढं ढकलतं. पायथनचं इंट फंक्शन ते बरोबर वाचतं. जावास्क्रिप्टमध्ये नंबर केलं तर नॅन मिळतं, म्हणजे 'ही संख्या नाही'. म्हणून संख्येला स्कीमात संख्याच म्हणा, स्ट्रिंग नको.

हे सगळं धरून वर्णन असं होतं:

'एका मापन केंद्रावर नोंदलेली नदीची सगळ्यात अलीकडची पाणीपातळी देते; तारीख दिल्यास त्या दिवसाची शेवटची नोंद देते. नदीची पातळी, तसंच इशारा किंवा धोका पातळी किती दूर आहे, हे विचारलं असेल तेव्हा वापरा. फक्त एक नोंद मिळते. पाणी चढतंय की उतरतंय हे सांगायचं तर पातळी_इतिहास वापरा. धरणाचा साठा आणि विसर्ग यांसाठी धरण_स्थिती वापरा. रस्ता किंवा पूल सुरू आहे का हे पातळीवरून ठरवू नका, रस्ता_स्थिती वापरा. पुढचा अंदाज हे टूल देत नाही. पातळी त्या केंद्राच्या स्थानिक मोजपट्टीवरची असते. दोन केंद्रांचे आकडे आपसात तोलू नका. उत्तरात फूट आणि इंच वेगळे येतात, नोंदीची वेळ भारतीय प्रमाणवेळेत येते. नोंद तीन तासांहून जुनी असेल तर नोंदीची वेळ वापरणाऱ्याला सांगा. नोंद नसेल तर पातळी रिकामी येते. ती शून्य समजू नका.'

लांब वाटेल. पण अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या मार्गदर्शनातही प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्यं द्या, टूल गुंतागुंतीचं असेल तर त्याहून जास्त, असंच म्हटलं आहे. या वर्णनातलं प्रत्येक वाक्य एकेका ठरावीक चुकीसाठी आहे. वाक्य काढल्यावर कुठली चूक परत येईल हे सांगता येत नसेल, तर ते वाक्य काढून टाका.

यात 'कधी वापरू नये' ही वाक्यं लोक हमखास गाळतात, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटतात. 'केर्लीजवळ रत्नागिरी रस्ता चालू हाय का?' असं कुणी विचारलं आणि एजंटकडं फक्त पातळीचं टूल असल्यासारखं वर्णन असेल, तर तो पातळी बघून अंदाज बांधणार आणि 'हो, चालू असावा' म्हणणार. पुराच्या दिवसात असल्या अंदाजावर कुणी टेम्पो काढू नये. टूलच्या मर्यादा सांगताना नुसतं 'यासाठी वापरू नका' म्हणून सोडू नका, त्याऐवजी कुठलं टूल वापरायचं त्याचं नाव द्या. तसं टूल नसेल तर 'ही माहिती उपलब्ध नाही असं सांगा' हे लिहा. मॉडेलला पुढं काय करायचं ते सांगितलं नाही, तर हाताशी जे आहे त्यावरच ते भागवतं.

रिकामं आणि शून्य यांचंही तसंच. 'विसर्ग ० क्युसेक' म्हणजे पाणी सोडलेलं नाही. नोंद न येणं म्हणजे आपल्याला माहिती नाही. अनेक कोडमध्ये रिकाम्या जागी शून्य भरायची सवय असते, आणि मॉडेल त्यावर छान, खोटं वाक्य रचतं. धरणाच्या टूलमध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट करावी लागते. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि वीजगृहातूनही पाणी बाहेर पडतं. 'विसर्ग' म्हणून येणारा आकडा दरवाज्यांचा, वीजगृहाचा की दोन्हींची बेरीज? हे लिहिलं नाही, तर मॉडेल बेरजेत परत वीजगृहाचा आकडा मिळवण्याची शक्यता असते.

वेळेबद्दल थोडक्यात: सर्व्हर यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) वेळ ठेवतो, सकाळी ८ ची नोंद २:३० ची दिसते, आणि ताजी नोंद जुनी ठरते. रूपांतर कोडमध्ये करा, वेळ कुठल्या प्रमाणवेळेत आहे ते उत्तरातच छापा.

इथवरची टूलं नुसती वाचणारी होती. नोंद करणाऱ्या टूलला वेगळी शिस्त लागते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत (धातू ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यात) माल पाठवण्यासाठी, म्हणजे डिस्पॅचसाठी, एजंट बसवला, तर त्याच्याकडं 'स्टॉक_पाहा' आणि 'डिस्पॅच_नोंदवा' ही दोन टूलं असतील. दुसऱ्याच्या वर्णनात लिहावंच लागतं, की हे चालवल्यावर काय बदलतं: स्टॉक कमी होतो, चलन (मालासोबत जाणारा कागद) तयार होतं, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) निघतं. ते परत फिरवता येतं का, हेही लिहा. ई-वे बिल काढल्यापासून २४ तासांच्या आतच रद्द करता येतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलेली चूक एका क्लिकमध्ये सुटत नाही. दोनदा चालवलं तर दोन चलनं होतील की दुसरी विनंती नाकारली जाईल, तेही सांगा. नेटवर्क अडखळलं की एजंट तीच विनंती परत पाठवतो, आणि अशा वेळी एकाच मालाची दोन चलनं निघतात. विनंतीला स्वतःचा क्रमांक द्या आणि तो क्रमांक आधी आलाय का हे कोडमध्ये तपासा.

पॅरामीटरची नावं फाउंड्रीत बोलली जातात तशीच हवीत. 'नंबर' या नावाखाली पार्ट नंबर, हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा) आणि पीओ नंबर (खरेदी ऑर्डरचा) हे तिन्ही येऊ शकतात, म्हणून 'पार्ट_नंबर', 'हीट_नंबर' असं पूर्ण लिहा. लोखंडाची ग्रेड मोकळ्या स्ट्रिंगमध्ये ठेवली तर एफजी २६० चं कुणी 'एफजी२६०' लिहितं, कुणी 'जीआय २६०'. इथं एनमच योग्य. 'वजन' म्हणजे एका कास्टिंगचं की सगळ्या लॉटचं, फेटलिंगनंतरचं (जादा धातू काढून साफ केल्यावरचं) की रनर-रायझर (ओतताना राहिलेला जादा धातू) धरून, किलोत की टनात? पॅरामीटरचं नाव 'एकूण_निव्वळ_वजन_किलो' असं ठेवलं तर अर्धं वर्णन नावातच होतं.

मात्र हे ध्यानात ठेवा, की वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. 'वापरणाऱ्यानं होकार दिल्याशिवाय चालवू नका' हे लिहावंच, पण तेवढ्यावर पैसे आणि माल सोपवू नयेत. मंजुरी कोडमध्ये अडवा. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे टूलं मॉडेलला जोडायची सामाईक पद्धत, जी नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, त्यात टूलला 'फक्त वाचणारं', 'नुकसान करू शकणारं' अशा खुणा जोडता येतात. त्याही सूचनाच आहेत, हमी नाही. उलट दिशेनंही सावध राहावं लागतं. दुसऱ्याचं टूल जोडता तेव्हा त्याचं वर्णन तुमच्या मॉडेलच्या डोक्यात जसंच्या तसं जातं, आणि त्यात कुणी 'आधी ही फाइल वाचून तिचा मजकूर सोबत पाठवा' असलं काही लपवलेलं असू शकतं. जोडण्याआधी वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि अपडेटनंतर ते बदललं का हे परत बघा.

आता एरर. '४००' किंवा 'इनव्हॅलिड इनपुट' एवढंच परत आलं, तर मॉडेल तेच मूल्य थोडं फिरवून पुन्हा पाठवतं, मग पुन्हा. त्याऐवजी: 'या संकेतांकाचं केंद्र नाही. केंद्र_शोधा वापरून संकेतांक मिळवा.' किंवा 'तारीख आजच्या पुढची आहे. हे टूल अंदाज देत नाही.' एरर हाही मॉडेल वाचत असलेला मजकूरच आहे, म्हणून तो वर्णनाइतक्याच काळजीनं लिहायचा.

कधीकधी वर्णन सुधारण्यापेक्षा पॅरामीटरच असा बदलावा की चूक करायला जागाच उरू नये. अँथ्रॉपिकनं डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेलं उदाहरण मला फार पटतं: त्यांचा कोडिंग एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडं गेला, की सापेक्ष फाइलपाथमध्ये (सध्याच्या फोल्डरवरून मोजलेल्या फाइलच्या पत्त्यात) चुकायचा. त्यांनी टूलला नेहमी पूर्ण पाथच द्यावा लागेल असं केलं, आणि ती चूक गेली. आपलं फूट-इंचाचं काम त्याच जातीचं.

किती टूलं द्यावीत? ओपनएआयच्या मार्गदर्शनात एका वेळी वीसपेक्षा कमी ठेवा असं सुचवलं आहे. प्रत्येक वर्णन प्रत्येक विनंतीबरोबर जातं, त्यामुळं टोकनचा (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांचा) खर्चही दर वेळी होतो. पण खर्चापेक्षा मोठा त्रास एकमेकांवर चढणाऱ्या टूलांचा. 'पातळी_मिळवा', 'नदी_माहिती' आणि 'पूर_स्थिती' ही तिन्ही असतील, तर कुठलं कधी वापरायचं हे माणसालाही सांगता येत नाही. असली टूलं एकत्र करा.

वर्णन मराठीत लिहावं का? चालतं. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, म्हणून टूलं बरीच असतील तर वाक्यं इंग्रजीत ठेवणं परवडतं. पण वापरणाऱ्याचे शब्द, म्हणजे इशारा पातळी, विसर्ग, बंधारा, परवा, सव्वाशे, हे मराठीतच राहू द्या; प्रश्नात तेच येणार आहेत. आणि ठळक अक्षरातल्या धमक्या टाळा. 'हे टूल नेहमी वापराच' असं लिहिलं, की एजंट 'नमस्कार'ला सुद्धा नदीची पातळी सांगायला लागतो. नवी मॉडेल सूचना शब्दशः पाळतात. साधं, अटीसह लिहिलेलं वाक्य पुरतं.

शेवटी तपासणी. तीस-चाळीस खरे प्रश्न जमवा, लोक टाइप करतात तसेच, शुद्धलेखन न सुधारता: 'पाणी चढायलंय का उतरायलंय', 'धोक्याला किती कमी हाय', 'राधानगरीचं किती दरवाजं उघडल्यात', 'शिरोळला काय परिस्थिती', 'उद्या शाळंला सुट्टी हाय का'. शेवटच्यासारखे, जिथं कुठलंच टूल चालवायचं नाही, असे प्रश्न निदान पाव हिश्श्यानं असू द्या. प्रत्येक प्रश्नापुढं अपेक्षित टूल आणि अपेक्षित पॅरामीटर लिहून ठेवा. प्रत्येक प्रश्न तीन-चारदा चालवा, कारण तेच मॉडेल त्याच प्रश्नाला दर वेळी तेच करेल असं नसतं. चुकांचे प्रकार वेगळे मोजा: चुकीचं टूल, मनानं भरलेलं पॅरामीटर, टूल बरोबर पण उत्तराचा अर्थ चुकीचा. पहिला प्रकार जास्त असेल तर वर्णनातली हद्द धूसर आहे. दुसरा असेल तर स्कीमा सैल आहे. तिसरा असेल तर टूलनं परत दिलेल्या आकड्यांवर एकक, वेळ किंवा नाव नाही. एका वेळी एकच वाक्य बदला, नाहीतर सुधारणा कशामुळं झाली ते कळणार नाही. काही प्रश्न बाजूला झाकून ठेवा आणि वर्णन पक्कं झाल्यावरच ते चालवा. त्यातही 'बावड्याला पाणी किती' असला एखादा प्रश्न असलाच पाहिजे, आणि त्याचं बरोबर उत्तर 'कुठला बावडा?' हा उलट प्रश्न असं नोंदवून ठेवा.